उंची घटलेली मुलगी

शाळेतल्या पोरींनी तिचं नाव का-बाई ठेवलं होतं आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. दिवसातून पन्नासदा 'का' विचारणाऱ्या बाईला लोक दुसरं म्हणणार तरी काय?

तिची नोकरीच तशी होती. मुलींची ही शाळा परदेशातल्या एका संस्थेच्या मदतीवर चालायची. फी, वह्या, बूट, दुपारचं जेवण, सगळं तिकडून. त्या बदल्यात दर सहा महिन्यांनी प्रत्येक मुलीचा एक फॉर्म तिकडे जायचा: हजेरी, गुण, वजन, उंची. मुलगी शाळेत आली नाही की का-बाईने घरी जाऊन कारण विचारायचं आणि फॉर्मवरच्या चार चौकटींपैकी एकीवर खूण करायची. आजार, घरकाम, स्थलांतर, इतर. का-बाईची निम्मी कारणं 'इतर'मध्ये असत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्या गिचमिड अक्षरात खुलासा असे: "बूट भिजले म्हणून आली नाही, असं आई म्हणते. बूट कोरडे होते, मी हात घालून पाहिले."

ती स्वतः शाळेत गेली ती जेमतेम दोन वर्षं. मग घरात राहिली आणि भाऊ शाळेत जात राहिला. संध्याकाळी तो आला की ती दारातच त्याला गाठायची, "आज काय शिकवलं?" भाऊ दप्तर भिरकावून म्हणायचा, "तुला काय करायचंय?" पुढचं लिहायवाचायला ती मोठेपणी, शिवणाच्या क्लासशेजारच्या वर्गात खिडकीशी बसून शिकली. पण भावाचा तो प्रश्न पन्नाशीतही तिला सलायचा.

तर त्या सहामाहीत घोळ झाला तो उंचीचा. चौथीतली एक मुलगी. हजेरी शंभर टक्के, वर्षभरात एक दिवस चुकलेला नाही. मागच्या फॉर्मवर तिची उंची एकशे एकतीस सेंटिमीटर होती, आणि आता भरली एकशे अठ्ठावीस.

का-बाईने पट्टी पुन्हा लावली. मुलीला बूट काढायला लावले, टाचा भिंतीला टेकवायला लावल्या. एकशे अठ्ठावीस.

"काय गं, आटलीस की काय धुतल्या कापडासारखी?"

मुलगी हसली नाही. तिने खाली मान घातली. का-बाईच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, मागच्या वेळी चुकलं असेल. एकशे चौतीस लिहा आणि मोकळ्या व्हा. पुढच्या आठवड्यात तिकडची बाई तपासणीला येतेय. पूर्ण हजेरीचं बक्षीस याच मुलीला द्यायचंय. नसती उठाठेव नको."

"मागचं माप मीच घेतलं होतं, मॅडम. माझी पट्टी चुकत नाही."

"मग मुलगी चुकली असेल," मॅडम म्हणाल्या आणि फोन उचलला.

का-बाईला त्या रात्री झोप नीट लागली नाही. पोरं वाढतात, फार तर खुंटतात. घटतात कशी? दोन दिवसांनी ती वर्गाच्या दारातून डोकावली. मुलगी बाकावर बसलेली होती. का-बाईने पिशवीत पट्टी टाकली आणि सरळ तिचं घर गाठलं.

टायरच्या दुकानामागे एक खोली. दार एका मुलीनेच उघडलं. कडेवर वर्षाची बहीण, खांद्यावर ओलं फडकं. तेच नाक, तेच कपाळ, कानाच्या पातळीला कापलेले तेच केस. का-बाई क्षणभर चक्रावलीच. वर्गात पाहून आलेली मुलगी तिच्याआधी घरी कशी पोचली?

मग तिने पट्टी काढली. "भिंतीला टेक बाळ." एकशे चौतीस.

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, नाव काढणार आमचं?"

"आधी सांग तर खरं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. संस्थेचा नियम होता, एका घरातून एकच मुलगी. बहिणी दोन, वर्षाच्या अंतराच्या. आई दिवसभर लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि तिथे तान्हं पोर चालत नव्हतं. तेव्हा दोघींनी वाटणी केली. एक दिवस थोरली शाळेत, धाकटी घरी. दुसऱ्या दिवशी उलट. नाव एकच, बुटांचा जोडही एकच, थोरलीच्या मापाचा, त्यामुळे धाकटी पुढे कापूस कोंबायची. वर्गात साठ पोरी, कुणाच्या लक्षात येणार?

"मग अर्धाच अभ्यास होत असेल की गं."

"छे! शाळेतून आलेलीनं सगळं सांगायचं, असा आमचा नियम आहे. काही विसरली तर तिची पुढची पाळी दुसरीला." थोरली अभिमानाने म्हणाली, "मी दोनदाच गमावलीय."

का-बाईने पट्टी गुंडाळून पिशवीत ठेवली. जगात अशीही घरं असतात, जिथे 'आज काय शिकवलं' या प्रश्नाला उत्तर मिळतं!

आता पंचाईत अशी, की बोलावं तर दोघींची शाळा जाते. खोट्या माहितीला नाव कमी करणे, असं फॉर्मवर ठळक छापलेलं होतं. न बोलावं तर खोटं बक्षीस. शिवाय थोरली वाढत होती, तेव्हा आज ना उद्या बिंग फुटणारच होतं. का-बाईने चार दिवस विचार केला आणि फॉर्मवर उंचीच्या एकाच चौकटीत दोन आकडे लिहिले. १३४. १२८.

तपासणीच्या बाई आल्या. आपली भाषा त्या अडखळत पण नीट बोलायच्या. दोन आकड्यांवर त्यांचं बोट थांबलं. "हे का?"

मॅडमनी घाईने तोंड उघडलं, पण का-बाई आधी बोलली. काही न लपवता तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "लबाडी झाली, कबूल. पण बाई, एक विचारू? एका घरात एकच मुलगी, असं का?"

पाहुण्या बाईंनी नियमांची वही चाळली, पुन्हा चाळली. "माहीत नाही," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "नियम आहे. विचारून सांगते. तोवर नाव राहू दे. बक्षीस मात्र थांबवावं लागेल."

उत्तराला सात आठवडे लागले. मॅडम तेवढे दिवस का-बाईशी कामापुरतंच बोलत होत्या. दोघी बहिणी पाळीपाळीने येत राहिल्या आणि दारातूनच तिच्याकडे बघत. रोज ती मानेनेच 'अजून नाही' म्हणायची.

शेवटी पत्र आलं. पहिल्या वर्षी शाळेकडे एक व्हॅन होती, तिच्यात अठरा जागा. अठरा घरांना संधी मिळावी म्हणून घरटी एक मुलगी ठरली होती. व्हॅन विकून नऊ वर्षं झाली. नियम कुणी काढायचा राहिला होता. "आम्हाला हे आजवर कुणी विचारलंच नाही," असं खाली लिहिलं होतं.

का-बाईने पत्र दोनदा वाचलं. नऊ वर्षं! किती घरांतली दुसरी पोर एका विकलेल्या गाडीपायी घरी बसली असेल? तिला त्या व्हॅनचा मनापासून राग आला.

धाकटीचं नाव सोमवारी त्याच वर्गाच्या पटावर चढलं. तान्ह्या बहिणीची सोय का-बाईच्या टेबलाखालच्या चटईवर झाली. मॅडमनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग स्वतःच एक खुळखुळा आणला.

संध्याकाळी का-बाई टायरच्या दुकानामागे गेली. गैरहजर कुणीच नव्हतं, फॉर्मही सोबत नव्हता. दोघी समोरासमोर बसल्या होत्या, जरा गोंधळल्यासारख्या.

"काय झालं गं?"

"आज दोघींनाही सगळं माहितीय," धाकटी म्हणाली. "सांगायचं कुणाला?"

का-बाईने चपला काढल्या आणि जमिनीवर बैठक मारली.

"मला सांगा," ती म्हणाली. "आज काय शिकवलं?"