सईचं तोंड उघडेना

आमच्या सईने पहिल्या वर्षात पोटात फारसं काही जाऊ दिलं नाही, पण किस्से मात्र इतके जमवून दिले, की अजून पुरताहेत!

ती आता चौथीत आहे. परवा शाळेतून आली, दप्तरासकट स्वयंपाकघरात शिरली आणि कढईतले थंडगार पोहे उभ्याउभ्या संपवले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बघतच राहिल्या. म्हणाल्या, "हेच का गं ते पोट्टं, ज्याच्यामागं आपण वाटी घेऊन फिरत होतो?"

झालं! एकीला एक किस्सा आठवला की दुसरीला दुसरा आठवतो. चहा दोनदा झाला, संध्याकाळच्या भाजीचं कुणाला भानच राहिलं नाही.

* * *

सुरुवात उष्टावणापासूनच झाली. बाळाला पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून माझा धाकटा भाऊ पंकज खास नागपूरहून जबलपूरला आला होता. नवा कुर्ता, चांदीची वाटी, वाटीत खीर. आमचा विजय नगरचा फ्लॅट माणसांनी भरलेला. आणि आईंचा नियम असा, की पोरीने घास घेतल्याशिवाय पंगत बसणार नाही.

सईने ओठ मिटले ते मिटलेच.

पंकजने गाणी म्हटली, वाटीवर चमचा वाजवला, मांजराचा आवाज काढला. आत पुऱ्या फुगून परत बसल्या. नितीनचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, एक काका दोनदा स्वयंपाकघरात डोकावून आले. शेवटी रडकुंडीला येऊन पंकजने खिरीचं बोट सईच्या ओठाला नुसतं टेकवलं. तिने लगेच ओठ फ्रॉकला पुसून टाकला.

पण काका उभे राहून ओरडले, "लागलं, लागलं! मी पाहिलं! वाढा रे!"

दोन मिनिटांत पंगत बसली. काकांनी खीर तीनदा मागून घेतली. सईच्या नावाची!

* * *

मग बाबांनी सूत्रं हाती घेतली. बाबा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत गेली, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने जेवणाचा संबंध भुकेशी नसून भोंग्याशी होता.

"तिला सवय लावून देऊ. टाइम म्हणजे टाइम," ते म्हणाले. आणि दुपारी बरोबर बाराला त्यांनी छाती भरून तोंडाने असा काही भोंगा वाजवला, की कबुतरं उडाली. सईचं तोंड आश्चर्याने उघडं पडलं. आईंनी तेवढ्यात वरणभाताचा चमचा आत सारला! घरात जल्लोष. तो भात बाहेर आला ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवसापासून भोंगा झाला की सई दोन्ही हातांनी तोंड झाकायची. बाबा मात्र माघार घेणारे नव्हते. रोज बारा वाजता भोंगा.

आठवड्याभराने खालच्या मजल्यावरच्या तिवारी आंटी जिन्यात भेटल्या. "भाईसाहब, बहुत अच्छा किया आपने. आपका भोंपू बजता है, तो हमारे यहाँ भी सब टाइम पर खाने बैठ जाते हैं!"

सगळी बिल्डिंग भोंग्यावर जेवायला लागली होती. सई सोडून.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. आंटी अजून म्हणतात, "खाने का टाइम ही पता नहीं चलता."

* * *

हसू आता येतं. तेव्हा येत नव्हतं. सई फक्त माझ्या दुधावर होती, बाटलीकडे बघायचीही नाही, आणि माझी रजा संपत आलेली. सिव्हिल लाइन्समधलं माझं ऑफिस काही बाळाला घेऊन जाण्यासारखं नव्हतं. मी दिवसभर घराबाहेर राहिले तर ही खाणार काय, या विचाराने माझंच जेवण उडालं होतं.

शेवटी नेपियर टाउनमधल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी वजन पाहिलं, पोट दाबून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बच्ची एकदम ठीक है. ज़बरदस्ती मत कीजिए, धीरे-धीरे सीख जाएगी."

आईंना ते मुळीच पटलं नाही. "अरे डॉक्टर साहब, मुँह में कुछ लेती ही नहीं!"

डॉक्टरीणबाईंनी माझ्या मांडीकडे बोट दाखवलं. त्यांनी नुकताच लिहून दिलेला कागद सईच्या मुठीत होता. एक कोपरा गायब. सई मन लावून चावत होती!

मी बोट घालून लगदा बाहेर काढला. बाईंनी दुसरा कागद ओढला आणि लिहितालिहिता म्हणाल्या, "चलिए, शुरुआत तो हुई."

परतीच्या ऑटोत आई धुसफुसत होत्या. "माझं वरण चालत नाही, अन् कागद खाऊन राहिली बाप्पा!"

* * *

नितीनची पद्धत बाहेरची. तो जबलपूरचाच, त्यामुळे मराठीत सुरू झालेलं त्याचं वाक्य हिंदीतच पोचतं. सईला कडेवर आणि खिचडीची वाटी हातात घेऊन तो गेटपाशी उभा राहायचा. तिथे रोज एक तांबडी गाय यायची.

"बघ सई, गाय आली! तू नाही खाल्लं तो वो खा जाएगी, हां! आता खाऊन टाकेल हां!"

गाईने ऐकलं. एकदा शांतपणे पुढे आली, वाटीत तोंड घातलं आणि एका फटक्यात खिचडी साफ!

सई खदाखदा हसली. इतकं मोठं तोंड तिने जन्मात उघडलं नव्हतं, पार पडजीभ दिसत होती. आणि नितीन रिकामी वाटी हातात धरून उभा.

वर बघून ओरडला, "अगं, तोंड उघडलं! लवकर पाठव ना कुछ भी!"

मी खिडकीतून काय पाठवणार होते, कोण जाणे. पण चमचा घेऊन मी खरंच दोन जिने धावत उतरले. तोवर गाय गेली होती, आणि तोंडही मिटलं होतं.

* * *

माझी मम्मी नागपूरला. ती रोज व्हिडिओ कॉलवर सूचना द्यायची. एकदा म्हणाली, "फोन तिच्यासमोर ठेव. मी गप्पा मारते, तू भरव. काहून नाही खात, पाहतेच!"

मी फोन डब्याला टेकवून ठेवला. मम्मीने तिकडून चिऊ-काऊ सुरू केलं, आणि सईने खरंच वाटीत हात घातला. मी श्वास रोखला. तिने मूठभर मऊ भात उचलला आणि प्रेमाने आजीच्या तोंडात घातला. म्हणजे फोनवर. मग नीट थापलासुद्धा.

तिकडून घाबरा आवाज आला, "अगं, लाइट गेली का तुमच्याकडे? अंधार काहून झाला?"

"लाइट आहे मम्मी. तू भाताखाली आहेस."

* * *

आणि मग माझा ऑफिसचा पहिला दिवस आला.

त्याच सुमारास बाबांचे उरलेसुरले दात काढले होते. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसणार नव्हती, तोवर मऊ खायचं. भाकरी-ठेच्यावर वाढलेला माणूस! आईंनी गुरगुट्या खिचडीची ताटली पुढे केली की तोंड फिरवायचे. "हे पोट्ट्यांचं खाणं आहे. मी नाही खात." आई एकदा यांच्यापुढे चमचा धरायच्या, एकदा तिच्यापुढे. दोघांचेही ओठ घट्ट. "एक आजोबा, एक नात. दोघंही माझा जीव घेऊन राहिले!"

सकाळी निघताना सई बाबांच्या कडेवर होती. मी जिन्यातच रडून घेतलं.

ऑफिसात टेबल पुसलं, ड्रॉवर लावला, कॉम्प्युटरसमोर नुसती बसून राहिले. बारा वाजता घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. परत लावला. नाही. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "जाओ, हाफ डे ले लो. मैंने भी लिया था."

ऑटोत बसल्यावर डोक्यात नाही नाही ते. जिने कसे चढले ते आठवत नाही. दार लोटलेलंच होतं. मी ढकललं आणि तिथेच थांबले.

जमिनीवर चटई. चटईवर बाबा मांडी घालून, समोर सई, मध्ये एकच ताटली. त्यात तीच गुरगुटी खिचडी, वर तूप. फोन-बिन, भोंगा-बिंगा काही नाही. नुसतं एकमेकांकडे बघणं.

सईने पाचही बोटं खिचडीत रोवली. मूठ भरली. थोडा वेळ मुठीकडे पाहिलं, मग बाबांकडे. आणि पुढे झुकून ती मूठ त्यांच्या तोंडाशी नेली. "आऽऽ," ती म्हणाली. हुबेहूब आईंसारखी!

बाबांनी तोंड उघडलं.

अर्धी खिचडी मिशीत, अर्धी आत. त्यांनी बिनदाताचं तोंड हलवत घास गिळला. सई त्यांच्या जबड्याकडे टक लावून बघत होती. मग बाबांनी दोन बोटांवर एवढीशी खिचडी घेतली आणि तिच्यापुढे धरली.

तिने बोटांसकट तोंडात घेतली. गिळली.

परत तिची मूठ. परत त्यांची बोटं. ताटलीचा तळ दिसायला लागला. मी चप्पल हातात घेऊन उभी, आत जायचीही हिंमत होईना.

स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांमधून आईंचा आवाज आला, "अहो, जेवलं का पोट्टं?"

बाबांनी मिशीवरची खिचडी जिभेने आत ओढली आणि ओरडून सांगितलं,

"जेवलो!"