लोकांकडे वळवलेला स्क्रीन

नागपूरच्या आमच्या पेन्शन कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर एक वरिष्ठ बाबू बसतात. समोर कोणी आलं की ते आधी आपला स्क्रीन त्याच्याकडे वळवतात. “तुमचीच फाईल आहे, पाहून घ्या.” निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी नवी संगणक प्रणाली माझ्याकडून शिकून घेतली, एकेक पायरी वहीत लिहून. शिकताना ते मला ‘सर’ म्हणायचे. घरातला पहिला पदवीधर मी, लाजून जायचो.

एकदा कन्हानच्या एका विधवा मावशींचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. बाबूंनी समोर बसलेल्या मावशींकडे स्क्रीन वळवला आणि ते थबकले. मावशींच्या नवऱ्याच्या निवृत्तीची तारीख बाबूंनीच चुकीची भरली होती.

“मंग मले इतक्या चकरा काहून मारायले लावल्या गा?” मावशींनी विचारलं.

“माह्या चुकीनं, मावशी. तुमचे कागद बरोबरच होते.”

त्यांनी तेच टिपणीत लिहायला घेतलं. मी हळूच म्हटलं, “नुसती तारीख दुरुस्त करा ना. साहेब वाचतील.”

“वाचावं म्हणूनच तर लिहून राहिलो.”

मावशींची पेन्शन त्याच महिन्यात सुरू झाली. आता मीही स्क्रीन लोकांकडे वळवतो. म्हणून प्रत्येक नोंद आधी दोनदा वाचतो.