मात्रांची झडती

कोलकात्यात, बेहाला भागातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या साने काकू कविता वाचत नसत, तिची झडती घेत. कागद मांडीवर, पेन्सिल कानामागे आणि अंगठा बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत सरकायचा. त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. मिठाईवाल्याकडची ताजी संदेश मिठाईसुद्धा आधी हुंगायच्या. "यमक इतकं सहज बसलं की मला वास येतो," म्हणायच्या, "कुणीतरी मोठ्या माणसाने हात फिरवलेला असतो."

पंचवीस डिसेंबरला इथल्या आम्हा मराठी कुटुंबांची सहल निघते. तिथे मुलांनी स्वतः लिहिलेलं मराठी वाचायचं, आणि कुणी वाचायचं ते काकू ठरवणार. माझी इरा नऊ वर्षांची, मराठी अडखळत बोलणारी. तिने घरातल्या नाताळच्या भेटींवर कविता केली होती, आयुष्यातली पहिली. ती नापास झाली तर ही पोरगी पुन्हा मराठीला हात लावणार नाही, याची मला धास्ती होती.

काकूंनी मोजायला सुरुवात केली.

"बाबांना मोजे, आईला शाल,
दादाला टोपी, रंगाने लाल,
काकू म्हणतात, काही नको."

"मीच का यात?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटीही तेच, काकू म्हणतात, काही नको. तिसऱ्याच्या शेवटी मात्र होतं, "काकूंना देऊ केकाचा घास." अंगठा तिथे थांबला.

"एकोणीस. चोख आहे. ही ओळ कुणाची?"

इरा माझ्याकडे बघायला लागली. मला राग आला काकूंचा. लहान मुलीची कसली उलटतपासणी? पण चोर मीच होते. "लांबत होती म्हणून मी जरा बसवली," मी म्हटलं.

"मेधा, तू गप्प. इरा, तुझी सांग."

इरा पुटपुटली, "काकू म्हणतात, काही नको, पण मी येईपर्यंत दारातच उभ्या राहतात."

अंगठा दोन पेरं सरकला आणि थांबला. मग काकू म्हणाल्या, "वृत्तात बसत नाही. हीच वाचायची."

सहलीत इराने तीच वाचली. कागद काकूंनी ठेवून घेतला.

या हिवाळ्यात काकू गेल्या. घर आवरताना त्यांच्या भाच्याने तो कागद आणून दिला. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने मात्रांचा आकडा होता. माझी ओळ खोडून त्यांनी इराची ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. तिच्यापुढे आकडा नव्हता. लिहिलं होतं, "संशय नाही."