गरम झाल्यावर पडणारा काटा

२०२३ साल. माझं वय तेव्हा एकाहत्तर. शाळा चौथीत सुटली, पण इंजिनाच्या बाबतीत अंबड रोडला माझा शब्द खोडणारा कुणी न्हाई, अशी माझी समजूत होती. समजूत कशाला, घमेंडच म्हणा.

अंकुशनगरच्या एका रिटायर माणसानं वडिलांची जुनी ॲम्बॅसडर माझ्या गॅरेजला आणून लावली होती. इंजिन सगळं खोललं. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, घासायला जालन्याला मेव्हण्याच्या लेथ मशीनवर दिला. मेव्हणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ. बोलणं कमी, काम साफ. दसऱ्याच्या आधीच त्यानं क्रँक परत आणून दिला.

खंडेनवमीला आम्ही पाने, हातोड्या, जॅक मांडून पूजा करतो. त्या वर्षी मधोमध इंजिनाचा ब्लॉक ठेवला. मोठी भोकं फडक्यानं झाकली. बायको म्हणाली, "उघडं इंजिन हाय, अक्षता चिमूटभरच टाका." मी मूठ भरून टाकल्या. गॅरेज माझं, देव माझा, चिमूट कशाला?

दिवाळीच्या तोंडावर इंजिन बांधून चालू केलं. आवाज एकदम साफ. थंड होतं तोवर ऑइल प्रेशरचा काटा वर होता. गरम झालं, रेस सोडली, की काटा खाली बसायचा अन् लाल दिवा लागायचा. काटाच खोटा असेल म्हणून दुसरा लावला, तो बी तसाच बसला. जाड ऑइल टाकलं. तेवढ्यापुरतं सावरलं, मंग पुन्हा तेच. प्रेशर न्हाई म्हणजे बेरिंगला तेल न्हाई. अशी गाडी रस्त्यावर काढली तर इंजिन जामच होणार.

गाडीचा मालक चौकशीला आल्ता. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो, घासायचे पैसे न्यायला आलेला मेव्हणा बी तिथंच होता. चार लोकांत मालकानं विचारलं, तसा मी बोलून गेलो, "क्रँक जास्त घासलाय. बेरिंगला फट राह्यली, तेल तिथून पळून राह्यलं."

मेव्हणा म्हणाला, "दाजी, माप घेऊनच दिलाय मी. खोलून पाह्यलं का? रिलीफ व्हॉल्व्ह पाह्यला?"

"तू शिकवतो का मला? तुझ्या बहिणीचं तोंड पाहून काम देतो तुला, न्हाईतर लेथवाले काय कमी हायेत जालन्यात?"

टपरीवरचे हसले. मेव्हण्यानं अर्धा कप खाली ठेवला.

"बरं दाजी. मंग यंदा भाऊबीजेला काय येणं होत न्हाई."

बायकोच्या कानावर हे त्याच दिवशी गेलं. ती भांडली न्हाई. भांडली असती तर मी बी भांडलो असतो. एकच म्हणाली, "लग्न झाल्यापासून माझी भाऊबीज चुकली न्हाई."

पाडव्याच्या दिवशी गॅरेज बंद ठेवून एकटाच गाडीखाली शिरलो. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर काढला. बेरिंगमधी कागदाची पट्टी ठेवून आवळून पाह्यली. क्रँक जागचा हलेना. फट जास्त असती तर पट्टी ठेवून बी तो फिरला असता. म्हणजे फट बराबर, मेव्हण्याचं काम बिलकुल बराबर. मंग ऑइल पंप खोलला, त्यात बी खोट न्हाई. राह्यला रिलीफ व्हॉल्व्ह. प्रेशर जास्त झालं तर तेल परत चेंबरमधी सोडणारी, स्प्रिंगवर बसलेली बुटकी खुंटी. तिथं हात घालायला पाच मिनिटं लागत न्हाईत. पण त्यानं सांगितलेलं म्हणून ते मी शेवटाला ठेवलं होतं.

खुंटी बाहेर काढली. तिच्या बसायच्या जागेवर एक तांदळाचा दाणा अडकलेला, अजून कुंकवाचा लाल रंग धरून. खुंटी पुरी बसत न्हव्हती अन् तेल मधूनच परत जात होतं. पूजेच्या दिवशी ब्लॉकवरचं या खुंटीचं बारकं भोक झाकायचं राह्यलं होतं.

तो दाणा फुंकून टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. नवीन बेरिंग टाकली अन् जमलं, असं सांगता आलं असतं. हा विचार येऊन गेला, हे लिहायची बी लाज वाटते.

बायको जेवायला बोलवायला आली. "सापडलं का?"

मी तळहात पुढं केला. तिनं वाकून पाह्यलं.

"मी चिमूटभर म्हनले होते," ती म्हणाली. "चला, भाजी थंड होऊन राह्यली."

जेवण करून सगळं पुन्हा बांधलं. इंजिन चांगलं गरम होऊ दिलं. काटा वरच राह्यला. एरवी मी मालकाला लगेच फोन लावला असता. त्या दिवशी काट्याकडं पाहायला बी नको वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबीज. भावानं बहिणीकडं जायचं असतं. मी बायकोला घेऊन पहिल्या एस.टी.नं जालन्याला गेलो. मेव्हण्यानं दार उघडलं. बहिणीला "ये" म्हणाला, माझ्याकडं पाह्यलं न्हाई. शेजारची माणसं ओट्यावर बसली होती. मी पायरी चढलो न्हाई. खालूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "तुझ्या कामात खोट न्हव्हती. माझ्याच हातचा तांदूळ व्हॉल्व्हमधी अडकला होता, अन् आळ मी तुझ्यावर घेतला."

"दाजी, आत या," तो हळूच म्हणाला. "लोक ऐकून राह्यले."

"ऐकू दे," मी म्हणालो, अन् पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.