‘आधी नवरा आणा’ म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाई

एकटी आलेली बाई त्या तपासतच नसत. दारातच विचारायच्या, “नवरा कुठाय?” बाई खाली बघायची. “मग जा. मूल एकटीला होत नाही, तर न होण्याचा गुन्हा एकटीचा कसा?” वैरागहून एसटीनं आलेली बाई रडत माघारी गेली तरी त्यांना पाझर फुटत नसे. सोलापुरात त्यांना ‘खवीसबाई’ म्हणत. मी तेव्हा कॉलेजात होते, मोर्चांत पत्रकं वाटत होते. मला त्यांचा कठोरपणा हवाहवासा वाटायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण, सगळं सरकार मुलं थांबवायच्या मागे. तेव्हा या बाई, गावातले एक प्रयोगशाळेचे डॉक्टर आणि मुंबईचे एक प्राध्यापक मिळून उलटा प्रश्न विचारत होते : मूल का होत नाही, आणि ती वेळ येऊच नये म्हणून काय करावं? गर्भाशयाचा क्षय, बाळंतपणातले घाणेरडे हात, पुरुषांचे लपवलेले रोग, सगळं ते तपासत. केसपेपरवर कुणी ‘वांझ’ लिहिलं की बाई तो फाडायच्या. “हा रोग नाही, शिवी आहे.”

पुरुष मात्र दवाखान्यात वीर्याचा नमुना द्यायला तयार नसत. म्हणून बाईंनी सवलत दिली : बाटली घरून आणा, शर्टाच्या आत पोटाशी धरून, ऊब जायच्या आत. सकाळी एक हात पोटावर ठेवून पुरुष सायकली मारत यायचे. कंपाउंडर ओरडायचा, “या, गरोदर आले!”

माझी थोरली बहीण अक्का हिला सासू कुणाची ओटी भरू देत नसे. दुसरी सून आणायच्या गोष्टी तिच्या देखत, तिच्याच हातची भाकरी खात चालायच्या. मी तिला बाईंकडे नेलं. दाजी बाटली घेऊन आले. नमुना उत्तम निघाला. सासूनं गल्लीत पेढे वाटले.

मग शोध अक्कातच सुरू झाला. गर्भनळ्यांत हवा भरून पाहिली, मोकळ्या होत्या. पिशवी खरवडून तपासणीला पाठवली, काही सापडलं नाही. पुन्हा खरवडली. त्या खेपेला अक्काला हुडहुडी भरून ताप आला, पोट फुगलं. ती कशीबशी वाचली. “ओरडू नकोस. कारण सापडलं पाहिजे,” बाई म्हणायच्या.

सापडेना, तेव्हा त्यांनी दाजींना बोलावलं. “पुन्हा नमुना. आता इथं, त्या खोलीत, कडी लावून.”

दाजी दाराकडं सरकले. “तसं न्हाय जमायचं, बाई.”

“पहिल्यांदा कसं जमलं?”

“त्यो... धाकट्या भावाचा हुता. त्याला पोरं हायेत की.”

बाई हसल्या. इतकं वाईट हसू मी पुन्हा पाहिलं नाही. “अहो, मग इतके दिवस मी तुमच्या भावजयीला तपासायला हवं होतं!”

बाहेर बसलेल्या सासूला आत बोलावून त्यांनी सगळं सांगितलं. सासू जागची हलली नाही. “बाटली कुनाची का असंना, कूस हिचीच रिकामी हाय न्हवं?” दुसरीची सुपारी तिनं आधीच फोडली होती.

प्रयोगशाळेचे डॉक्टर म्हणाले, नमुनाच खोटा, ही केस अभ्यासातून गाळू या. “गाळायची नाही,” बाई कडाडल्या. “बाटली घरून आणा, हे आपणच सांगितलं.” ती सवलत त्यांनी बंद केली. पुरुष यायचे थांबले, आणि तिघांचा अभ्यास तिथंच मेला.

अभ्यास बंद पडण्याआधी बाईंनी अक्काच्या नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढवला. मी सोबत होते. बाईंनी तिच्यापुढं स्वतः खुर्ची सरकवली. अक्का बसली नाही.

“तू चांगली होतीस,” बाई म्हणाल्या. “त्या तापानं तुझ्या दोन्ही नळ्या बंद झाल्यात. ते माझ्यामुळं. आता तुला कुणाकडूनच मूल होणार नाही.”

अक्कानं एक्स-रेकडं पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचला.

“म्हंजी आता सासूबाईंचं खरं झालं की.”