रानातून घरी आल्यावर

ऐंशीच्या दशकात मी मुंबईत मानसशास्त्र शिकत होते. शाळा सोडलेल्या, घरात कुणाशीच न पटणाऱ्या मुलांना काही दिवस रानात ठेवलं, चालायला लावलं, स्वतःचं जेवण रांधायला लावलं, तर ती सावरतात का, हे माझ्या सरांना तपासायचं होतं. मी मूळची मालवणजवळच्या मसुऱ्याची. म्हणून जागा आमच्याकडची ठरली आणि शिबिरानंतर घरोघरी जाऊन चौकशी करण्याचं काम मालवणी येणाऱ्या माझ्याकडे आलं.

पहिल्या शिबिरात कसालच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी होती. आई वारल्यापासून ती वडिलांशी बोलत नव्हती. सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, मात्र ती सगळ्यांच्या पुढे चालायची, चुलीवर फुंकर घालून डोळे लाल करून घ्यायची, मोठ्यानं हसायची. गुण आला म्हणून आम्ही खूश.

थंडी सरताना दुकानामागच्या तिच्या घरी गेले, तर ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"रानात बोललां म्हणतास, तां खरां असात," वडील म्हणाले. "पण माझ्याशी बोलणा नाय. मगे उपयोग काय झालो?"

 नाक्यावर एसटीची वाट बघत तोच प्रश्न घोळवत बसले. समोर आलेली गाडी मी तशीच सोडली. पुढच्या घरांतही थोड्याफार फरकानं हेच ऐकलं. शेवटी सरांना म्हणाले, "मुलं बदलून येतात, घर होतं तसंच असतं. आता आईबापांनाही नेऊया."

शिमग्यानंतर नेलं. दुकान कोण बघणार, म्हणून कुरकुरत का होईना, कसालच्या मुलीबरोबर तिचे वडीलही आले. कुणकेश्वरच्या बाजूला उतरताना त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. कातळ तापलेला. ते खाली बसले. मुलीनं आपल्या चपला काढून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"घाल. पाय भाजतले."

त्यांनी चपला घातल्या नाहीत. हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिले. ती बोलायची थांबेना.

"बाबा, माका घराक येवचा नाय. मी मालवणाक मावशेकडे रवतंय. त्या घरात माका सारखी आये दिसता. तुका दिसणा नाय?"

"दिसता गो," ते म्हणाले. "म्हणान तर मी दुकान सोडून आत येणंय नाय."

मी चार पावलांवर उभी होते. पुढे जावं की मागे सरावं, कळेना.

त्यांनी स्वतः तिला मालवणला पोचवलं. ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. दर रविवारी दुकान बंद ठेवून ते तिला भेटायला जायचे.

निष्कर्ष लिहायला बसलो तेव्हा सर म्हणाले, "पोर घर सोडून गेली. याला यश कसं म्हणायचं?"

"पण ती दोघं बोलतात, सर."

आमचा वाद मिटला नाही. अहवालात आम्ही दोन्ही मतं लिहिली. नंतर कितीतरी कुटुंबांबरोबर मी हेच काम केलं. तरी कुणी "गुण आला का?" असं विचारलं, की अजून मी चुळबुळते.