रस्त्याखालची काळी

आमच्या साडूभाऊंनी आजवर कुणाच्या घराचं कौतुक केल्याचं ऐकिवात नाही, कारण घराकडे मान वर करून पाहायच्या आधी ते त्याच्या खाली काय आहे याची चौकशी करतात. गाव देवगाव रंगारी, बिऱ्हाड बजाजनगरात, नोकरी रस्त्यांखालची माती तपासायची आणि लक्ष कायम जमिनीत. माझ्या लग्नात मांडवाच्या खांबाशी उकिडवं बसून त्यांनी "हा बसणार" असं भाकीत केलं आणि अक्षता पडल्या तरी ते तिथून हलले नाहीत. स्वयंपाकघरही त्यांना वर्ज्य नाही. शेंगोळ्यांचं पीठ दिसलं की बोटभर उचलून तळहातावर वळतात, वळी किती बारीक झाल्यावर तुटते ते पाहतात आणि माझ्या बायकोला गंभीरपणे सांगतात, "पाणी जास्ती झालं बरं का." मातीची परीक्षाही अशीच घेतात म्हणे.

यंदा आमच्या गल्लीचा रस्ता नव्याने करायचं ठरलं आणि खालची माती तपासायला नेमके तेच आले. आमचा रस्ता उन्हाळ्यात भेगाळतो आणि पावसाळ्यात फुगतो. पण समोरच्या काकूंच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, त्यामुळे वरवर का होईना, झटपट डांबर पडावं अशी सगळ्यांची इच्छा. "आपलाच माणूस आहे, खड्डा नावापुरता होईल," असं मी छाती फुगवून सांगून बसलो होतो. बायकोने त्यांच्यासाठी मुद्दाम शेंगोळे केले. साडूभाऊंनी ते दोनदा मागून खाल्ले, ढेकर दिला आणि दारातच कमरेइतका खड्डा घ्यायला लावला. खालची माती ओली करून ते वळायला लागले. वळी सुतासारखी झाली तरी तुटेना.

"लई चिवट हाय. अस्सल काळी. सगळी काढा अन् मुरूम भरा, नायतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बोंब."

"दाजी, गल्लीत आम्हाला तोंड दाखवायचंय," बायको काकुळतीला आली.

"तोंड तुमच्याकडं. माझ्याकडं पाया."

झालं त्यांच्याच मनासारखं. नवरदेव घोड्यावरून उतरून चरावरच्या फळीवरून तोल सावरत मांडवात आला आणि काकूंनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला.

मला मात्र खोदाईचा पहिला दिवस आठवतो. साडूभाऊ रजा टाकून आले होते. काळ्याभोर मातीने ट्रॉली भरली तसं त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "कुठं नेतो रं?"

"जुन्या खदानीत टाकायची, साहेब."

मग ट्रॉलीतलं एक ढेकूळ उचलून ते मला म्हणाले, "हिच्यात ज्वारी पुरुषभर वाढली असती बघा. रस्त्याला ही वाईटच, त्यात खोटं काय नाय. पण अशीच काळी इकून बापानं मला शिकवलं. अन् मी रोज कागदावर हिला अयोग्य लिहून सही करतो."

मी काहीतरी चेष्टेचं बोलणार होतो, ते राहून गेलं. या माणसाबद्दल मला एकदम फार माया वाटली. हात पुसायला मी रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला, ढेकूळ त्यात नीट बांधलं आणि खिशात ठेवलं.